पुलाखालचा भेंडीबाजार

मुंबईत जे. जे. रुग्णालयाकडून क्रॉफर्ड मार्केटकडे जाणारा उड्डाणपूल २००२ साली सुरू झाला. त्याला नाव आहे माहिमच्या मखदूम अली माहिमींचं, ‘कुतुब-ए-कोकण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संताचं. पुण्याचे माझे एक कविमित्र म्हणाले, ‘‘मी या पुलावरून पन्नासदा गेलो असेन, पण खाली कधी उतरलो नाही.’’ मी म्हटलं, ‘‘या शनिवारी या. उतरू.’’

खाली आहे भेंडीबाजार. क्रॉफर्ड मार्केट १८६९चं. त्याच्या मागचा म्हणून इंग्रज ‘बिहाइंड द बाजार’ म्हणत आणि त्याचा भेंडीबाजार झाला, अशी एक गोष्ट सांगतात. दुसरी गोष्ट भेंडीच्या झाडांची. ही भाजीची भेंडी नव्हे. पिवळ्या फुलांचा, समुद्रकाठी वाढणारा वृक्ष. मी कोकणातला, मला झाडाची गोष्ट जवळची वाटते.

संध्याकाळी बोहरी मोहल्ल्यात संचातलं आइस्क्रीम खाल्लं. लाकडी पिंपात धातूचा डबा, भोवती बर्फ आणि जाडं मीठ. मिठामुळे बर्फ शून्य अंशाखालीही वितळत राहतो आणि वितळताना दुधातली उष्णता ओढून घेतो. हातानं फिरवलेल्या या आइस्क्रीममध्ये हवा कमी, म्हणून ते घट्ट. सीताफळाचं खाताना मित्र बराच वेळ बोललेच नाहीत.

त्यांना बोलतं केलं गाण्यानं. छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तीन भाऊ उत्तरेतून येऊन इथं राहिले. त्यांच्या गायकीला या वस्तीचंच नाव पडलं: भेंडीबाजार घराणं. नझीर खाँसाहेबांच्या शिष्या अंजनीबाई मालपेकर. त्यांच्याकडे पुढे कुमार गंधर्व शिकले. छज्जू खाँसाहेबांचे चिरंजीव अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकरांनी धडे घेतले. ‘‘म्हणजे आमच्या घरच्या रेडिओवर भेंडीबाजार रोज येत होता!’’ मित्र म्हणाले.

रविवारी सकाळी बारा हंडी. भट्टीत बसवलेल्या हंड्या, वर दिसतात ती फक्त तोंडं. पाया, नळी असं एकेका हंडीत रात्रभर मंद आचेवर शिजतं. हाडांतला चिकटपणा रश्श्यात उतरतो. बोटाला बोट चिकटलं की समजावं, जमलं. सोबत खमिरी रोटी. अंगमेहनत करणाऱ्याला दुपारपर्यंत पुरणारं हे खाणं. माझे वडील जहाजावर खलाशी होते. बोटीवरून उतरले की डोंगरीत आमच्या गावच्या जमातीच्या खोलीत पथारी टाकायचे. सुट्टीत मला आणलं, की पहिला घास इथला.

बाहेर पडलो तर समोर नवे मनोरे. २००९ साली बोहरा समाजाच्या सैफी बुऱ्हाणी ट्रस्टची स्थापना झाली. सुमारे साडेसोळा एकरांवरच्या जुन्या इमारती पाडून नव्या बांधायचं काम त्यानं हाती घेतलं. मित्र हळहळले, ‘‘इतिहास पुसला जातोय.’’ मी त्यांना पाकमोडिया स्ट्रीटवर नेलं. इथली शंभरीपार हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७च्या सकाळी कोसळली. ३३ माणसं गेली. जुन्या लाकडी जिन्याचं कौतुक आपण पाहुणे करतो. त्यावरून रोज चढणाऱ्याला तो उद्या टिकेल का, ही चिंता असते. घरं पक्की व्हायलाच हवीत.

तरी एक प्रश्न मी घरी घेऊन आलो. खलाशाला, हमालाला पथारी टाकायला जागा देणारी ती खोली कुठल्या मजल्यावर असेल? आराखड्यात दुकान दाखवता येतं, घर दाखवता येतं. दोन बोटींमधल्या दिवसांत वडिलांना मिळालेला आसरा कसा दाखवायचा?

निघताना मित्रांनी टॅक्सी पुलाखालून घ्यायला सांगितली. वेळ जास्त लागला. त्यांनी काच खाली केली होती.