नव्या मोटारसायकलस्वाराची सकाळची तपासणी

भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें. पाण्यापलीकडे डोळ्यांस दिसणारें गांव रस्त्यानें मात्र फार दूर पडतें. त्यामुळें काठच्या करमाळा-माढा भागांत दूध, बाजार व दवाखाना यांसाठीं मोटारसायकलीवांचून भागत नाहीं. जुंपण्यापूर्वीं बैलाचे खूर व खांदा पाहाणारा आपला शेतकरी गाडीस मात्र किल्ली लावून तडक निघतो. नव्या स्वारानें ही संवय लावून घेऊं नये.

टायरांतील हवा गाडी थंड असतांना पाहावी. चालून तापल्यावर दाब अधिक दिसतो. मागें दुधाचे कॅन किंवा दुसरा माणूस असल्यास मागील टायरास हवा अधिक लागते. दोन्ही आंकडे गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत असतात. पावसाळ्यांत काळी माती मडगार्डांत घट्ट बसून चाक अडविते; ती काडीनें काढावी.

गाडी हातानें ढकलीत दोन्ही ब्रेक दाबून पाहावे. ओढ्यांतून गाडी काढल्यावर ड्रमचे ब्रेक कांहीं वेळ नीट धरीत नाहींत. हळू चालवीत ते चार वेळां दाबून सुकवावे.

सर्वांत हेळसांड होते ती चेनची. गॅरेजांतील जळकें ऑईल फुकट मिळतें म्हणून तें चेनला घालण्याची रीत पडली आहे. त्यांत धातूचा कीस असतो, वर रस्त्याची धूळ बसते, आणि हा लेप कानशीप्रमाणें दांते खातो. पुस्तिकेंत सांगितलेलें तेलच घालावें. कव्हराचें रबरी बूच काढून चेन मधोमध बोटानें वरखालीं करावी. साधारण १०० सी.सी.च्या गाडींत ती २० ते ३० मिलिमीटर हलावी. फार ढिली चेन दांत्यांवरून निसटून धांवतें चाक जाम करिते. हें सर्व इंजिन बंद ठेवून करावें व चाक हातानेंच फिरवावें. स्टँडवर गाडी चालू ठेवून चेन पुसणाऱ्याचें बोट क्षणांत तुटतें.

इंजिनांतील तेल सपाट जागीं, इंजिन बंद केल्यावर कांहीं मिनिटांनीं पाहावें. तें पट्टीवरील दोन खुणांच्या मध्यें असावें.

राहिले दिवे. गळिताच्या हंगामांत रात्रीं रस्त्यावर उंसाच्या ट्रॉल्यांची रीघ असते, आणि आपण मागें बांधलेल्या वैरणीच्या भाऱ्याखालीं लाल दिवा झांकून जातो. भारा बांधल्यावर दहा पावलें मागें जाऊन दिवा दिसतो कीं नाहीं तें पाहावें. न दिसल्यास भारा सोडून पुन्हां बांधावा.