उजेडाचे माप

ज्येष्ठ वद्य पक्षात देहूहून निघालेली श्रीतुकाराममहाराजांची पालखी निगडीवरून आकुर्डीच्या विठ्ठलमंदिराकडे मुक्कामास जाते, तेव्हा दिवस बहुधा कललेला असतो आणि आकाशात मेघ दाटलेले असतात. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केलेला हा सोहळा आज पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या वस्तीतून जातो. रस्त्याच्या दुतर्फा शेकडो हात मोबाईल व कॅमेरे उंचावून तो टिपून घेतात. मात्र घरी येऊन चित्रफीत पाहावी, तो पुष्कळांची निराशा होते. एकीत वारकऱ्यांची शुभ्र धोतरे नि टोप्या एकमेकांत विरून नुसता पांढरा डाग झालेला असतो. दुसरीत आकाश सुरेख, पण चेहरे काळवंडलेले. तिसरीत तर सर्वत्र रंगीत ठिपक्यांची चुळबुळ चाललेली. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या आजींचा चेहरा नेमका त्या ठिपक्यांत हरवावा, आणि तो क्षण तर पुन्हा मागता येत नाही! असे का व्हावे?

कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे सेन्सर नावाचा एक लहानसा पत्रा असतो. त्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे असून प्रत्येक घर आपल्यावर पडणारा प्रकाश साठवते. प्रकाश हा कणाकणांनी येतो. पावसाचेच उदाहरण घ्या. अंगणात सारख्याच आकाराच्या शंभर वाट्या मांडल्या आणि नुसता शिडकावा झाला, तर एका वाटीत चार थेंब पडतील, दुसरीत नऊ, तिसरीत एकही नाही. हेच तासभर मुसळधार पाऊस पडू द्या. साऱ्या वाट्यांतील पाणी जवळजवळ सारखे दिसेल. सेन्सरच्या घरांचेही तसेच आहे. प्रत्येक घरात सरासरी १०० प्रकाशकण आले, तर घराघरांत सुमारे १० कणांचा फरक पडतो, म्हणजे दहावा हिस्सा. कण १०,००० आले, तर फरक सुमारे १०० कणांचा, म्हणजे अवघा शंभरावा हिस्सा. एकाच रंगाच्या भिंतीवर जे ठिपके नाचताना दिसतात, ते पुष्कळ अंशी या तफावतीमुळे होत. चित्रकार मंडळी त्याला ‘नॉइज’, म्हणजे गोंगाट म्हणतात. चित्रातला गोंगाट हा शब्द विचित्र खरा, पण तो रूढ झाला आहे.

वाटी ओसंडली म्हणजे वरचे पाणी वाहून जाते, त्याचप्रमाणे घर भरल्यावर आलेल्या प्रकाशाची नोंद राहत नाही. नेहमीच्या चित्रफितीत उजेडाच्या ० ते २५५ अशा पायऱ्या असतात. धोतराची प्रत्येक चुणी २५५ वर जाऊन बसली, की चुण्यांतील भेद संपला. तो मागाहून कोणत्याही युक्तीने परत आणता येत नाही.

प्रकाश कमीजास्त करण्याचे खरे उपाय दोनच: भिंगाचे द्वार अधिक उघडणे आणि शटर अधिक वेळ खुले ठेवणे. द्वाराचा अंक २.८ वरून २ केला, तर प्रकाश दुप्पट येतो. शटरला मात्र मर्यादा आहे. चित्रफितीत सेकंदाला २५ चित्रे घ्यायची, तर एका चित्राला सेकंदाच्या पंचविसाव्या भागाहून अधिक वेळ मिळणार कोठून? शिवाय भारतातील वीज सेकंदास ५० आवर्तने करते, त्यामुळे पुष्कळ दिव्यांचा उजेड सेकंदात १०० वेळा चढतो नि उतरतो. म्हणून चाकण-भोसरीच्या कारखान्यांत यंत्रांचे चित्रण करणारे शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवतात; नाही तर चित्रात काळसर पट्टे सरकताना दिसतात. तिसरी कळ आयएसओची. तिच्याविषयी मोठा गैरसमज आहे. ती फिरवल्याने प्रकाशाचा एक कणही वाढत नाही. जे आले तेच मोठे करून दाखवले जाते, आणि त्यासोबत तफावतही मोठी होते.

कॅमेऱ्यातील स्वयंचलित यंत्रणेला वारकरी कळत नाही की वेल्डिंगची ठिणगी कळत नाही. साऱ्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडी यावी, एवढेच तिला ठाऊक. पाठीमागे उजळ आकाश असले की ती चेहरे अंधारात लोटते. रात्र पडली की काळोखालाही राखाडी करू पाहते आणि आयएसओ भरमसाट वाढवते. मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवून दाबून धरले, तर बहुतेक फोनांत माप त्या चेहऱ्यावर कायम होते. मग बोट वर-खाली सरकवून उजेड कमीजास्त करता येतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली, तेव्हा फीत धुतल्यावाचून काही कळण्याची सोय नव्हती. आज चित्र त्याच क्षणी दिसते. तथापि उन्हात पडदा फिका वाटतो नि अंधारात वाजवीपेक्षा उजळ, तेव्हा डोळ्यांवर सर्वस्वी विसंबू नये. चांगल्या कॅमेऱ्यात हिस्टोग्राम नावाचा आलेख असतो. त्याची रास उजव्या कडेला चिकटली नाही, म्हणजे धोतरे वाचली.

ठिपके मागाहून पुसणारे संगणकीय उपाय आहेत, नाहीत असे नाही. लागोपाठची चार चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढली, तर तफावत निम्मी होते. देवळाची भिंत त्याने स्वच्छ निघते. पण पखवाजावर पडणारे हात चार चित्रांत चार ठिकाणी असतात, ते धुराप्रमाणे पुसट होतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना तर आणखीच हानी होते. चित्रफीत लहान करणारी यंत्रणा प्रत्येक चित्रातील नव्या ठिपक्यांनाही तपशील समजून त्यांची नोंद ठेवू पाहते, आणि खऱ्या चेहऱ्यासाठी जागा उरत नाही.

म्हणून अनुभवी चित्रकार दिंडी येण्यापूर्वी तासभर आधी जाऊन रस्ता पाहून ठेवतात. कोणत्या दुकानाचा दिवा फुटपाथपर्यंत पोहोचतो, कोणत्या खांबाखाली उजेड समोरून चेहऱ्यावर पडेल, हे ते हेरतात आणि तेथेच उभे राहतात. दिंडी दुरून येताना दिसली, तरी काळोखात तिच्याकडे धाव घेत नाहीत. वीणेकरी त्या दिव्याच्या टप्प्यात आला, की चित्रण सुरू होते.