हिऱ्याचा प्रवास आणि मूल्याची साखळी

भारतात आज हिऱ्यांचे उत्खनन नाममात्रच होते; मध्य प्रदेशातील पन्ना हे त्याचे मुख्य ठिकाण. तरीही जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी, संख्येचा विचार करता, सुमारे नऊ हिरे भारतात आणि तेही मुख्यत्वे सुरतेत घासले जातात. खाण आफ्रिकेत, व्यापार अँटवर्प वा दुबईत, पैलू सुरतेत आणि ग्राहक अमेरिकेत, अशी ही रचना आहे. उत्पादनाच्या या विभागणीस ‘जागतिक मूल्यसाखळी’ म्हणतात.

सुरतेला हे स्थान मिळाले ते लहान हिऱ्यांमुळे. बेल्जियम वा इस्रायलमध्ये मजुरीचे दर असे होते, की बारीक खडे घासणे परवडत नसे. सौराष्ट्रातून आलेल्या कारागिरांनी नेमके हेच काम पत्करले. हात बसला, तसे मोठे हिरेही येऊ लागले. पुढे लेसर यंत्रे व संगणकीय आराखडे आले. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्स २०१० साली सुरू झाले.

येथे निर्यातीचा आकडा वाचताना मात्र सावध असावे. समजा, ७५ रुपयांचा कच्चा हिरा आयात करून १०० रुपयांना निर्यात केला, तर सीमाशुल्काच्या नोंदीत १०० रुपये दिसतात. देशात राहतात ते २५. या फरकाचा मागोवा घेण्यासाठी ओईसीडी व जागतिक व्यापार संघटना यांनी २०१३ मध्ये मूल्यवर्धनावर आधारित व्यापाराची आकडेवारी प्रसिद्ध केली. अर्थात, ते २५ रुपये क्षुल्लक नव्हेत. लक्षावधी कुटुंबांची मजुरी त्यातूनच निघते. शिवाय आयात म्हणजे तोटा, हा सर्वसाधारण समज येथे लागू पडत नाही. कच्चा माल महागला, की निर्यातच खुंटते. कच्च्या मालाची खरेदी आणि परदेशी ग्राहकाकडून येणारी रक्कम यांत कित्येक महिन्यांचे अंतर असते. ते पॅकिंग क्रेडिट व बिल वटवणुकीने भरून निघते, हे बँकेच्या निर्यात विभागातील कर्मचाऱ्यांस सांगावयास नको.

बोट्स्वानाचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे १९६७ साली हिऱ्यांचा मोठा साठा सापडला. खाणकंपनीत सरकारची निम्मी मालकी होती. तथापि हिरे विकले जात लंडनमध्ये. सरकारने दीर्घ वाटाघाटी केल्या आणि २०१३ मध्ये डी बिअर्सने आपली कच्च्या हिऱ्यांची विक्री लंडनहून गॅबोरोनला हलविली. खाणीपाठोपाठ प्रतवारी, विक्री आणि काही प्रमाणात पैलू पाडण्याचे कामही देशात आले. सुरतेने साखळीत मधली कडी धरली, बोट्स्वानाने पहिल्या कडीवरून पुढच्या कड्यांकडे हात नेला. भारताला पुढची कडी दागिन्यांची आहे. अंधेरीच्या सीप्झमधील कारखाने ती बऱ्याच वर्षांपासून हाताळत आहेत.

साखळीतील ताणही असाच दूरवर पोहोचतो. २००८ च्या मंदीत अमेरिकेतील मागणी आटली आणि सुरतेतील अनेक कारखाने बंद पडून कारागीर सौराष्ट्रातील गावी परतले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बहुतांश भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा सीप्झमधील दागिन्यांच्या कारखानदारांसही त्याची झळ लागली.