गोळीचा आवाज आणि संवेगाचा हिशेब

न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना बंदुकीचे उदाहरण हमखास येते. गोळी पुढे जाते, बंदूक मागे रेटली जाते. एवढे फळ्यावर लिहून आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण हाच नियम एका अगदी व्यवहारातल्या अडचणीच्या मुळाशी आहे. ती सोडवू लागलो की ध्वनी, संवेग, ऊर्जा आणि परिवलन हे वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेले विषय एकत्र येतात. अडचण अशी : पॉइंट टू-टू बोअरच्या अर्धस्वयंचलित रायफलीसाठी कमी आवाजाचे काडतूस हवे आहे. ते कसे निवडायचे?

हा प्रश्न प्रामुख्याने ब्रिटन, न्यूझीलंड अशा देशांतल्या शेतकऱ्यांचा आहे. तेथे ससे पिके आणि कुरणे फस्त करतात. रात्री एक बार वाजला की बाकीचे ससे बिळात पसार होतात आणि शेजारीही जागे होतात. म्हणून आवाज कमी हवा. अर्धस्वयंचलित रायफल म्हणजे एक गोळी सुटली की रिकामे टरफल आपोआप बाहेर फेकून दुसरे काडतूस आपोआप भरणारी; चाप मात्र दर वेळी ओढावा लागतो. हंगरफर्ड येथील १९८७ च्या हत्याकांडानंतर ब्रिटनने १९८८ साली अशा रायफलींवर बंदी घातली, पण पॉइंट टू-टू रिमफायर रायफली वगळल्या. न्यूझीलंडनेही २०१९ च्या बंदीत ठरावीक मर्यादेत तशीच सूट ठेवली.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे अशा शस्त्राला परवाना लागतो. तरी हे काडतूस आपल्याला परके नाही. एन.सी.सी.चे छात्र नेमबाजी शिकतात ते पॉइंट टू-टू रायफलीवरच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. दोन्ही प्रकारांत हेच काडतूस वापरतात.

आवाज येतो कोठून?

या काडतुसाची रचना १८८७ सालची आहे. पितळी टरफलाच्या बुडाशी एक पोकळ किनार असते आणि तिच्यात आघाताने पेटणारे रसायन भरलेले असते. रायफलीची पिन या किनारीवर आपटते, रसायन पेटते, त्याने दारू पेटते आणि निर्माण झालेला वायू गोळीला नळीतून पुढे रेटतो. किनारीवर आपटून पेटणारे म्हणून हे 'रिमफायर'.

आपल्याला जो एकच 'ठो' ऐकू येतो, त्यात तीन आवाज मिसळलेले असतात. पहिला नळीच्या तोंडाचा. गोळी बाहेर पडताच तिच्या मागचा दाबाखालचा वायू एकदम मोकळा होतो. सोड्याच्या बाटलीचे बूच उडते तेव्हा हेच होते, फक्त येथे दाब कितीतरी जास्त असतो. दारू कमी आणि नळी लांब असेल तर वायूला आतच प्रसरण पावायला जागा मिळते. तोंडाशी दाब कमी उरतो आणि आवाजही घटतो.

दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर तिच्यामुळे हवेत उठणाऱ्या लाटा तिच्यापुढे पळू शकत नाहीत. त्या एकमेकींवर साचतात आणि शंकूच्या आकाराचा आघात तरंग तयार होतो. तो कानावरून जातो तेव्हा चाबूक ओढल्यासारखा 'फट्' आवाज येतो. योगायोग असा की, हे काडतूस आले त्याच १८८७ साली अर्न्स्ट माख आणि पीटर झाल्खर यांनी उडत्या गोळीभोवतीच्या आघात तरंगांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. झाल्खर यांनी ती फ्यूमे येथे, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या रियेका शहरात, घेतली होती.

तिसरा आवाज यंत्राचा. अर्धस्वयंचलित रायफलीत पोलादी बोल्ट मागे जाऊन आपटतो आणि परत पुढे येतो, त्याची ही खटखट. पहिले दोन आवाज मोठे असले की ती जाणवत नाही. ते कमी केले की ऐकू येऊ लागते.

नळीला आवाज दाबणारे साधन बसवले तरी ते फक्त पहिल्या आवाजावर काम करते. दुसरा आवाज गोळी जाईल त्या संपूर्ण मार्गावर निर्माण होत असतो. तेथे साधन काय करणार? त्यावर उपाय एकच : गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाखाली ठेवणे.

ध्वनीचा वेग मात्र हवेच्या तापमानावर ठरतो. ० अंश सेल्सियसला तो सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशामागे साधारण ०.६ मीटरने वाढतो. म्हणजे २० अंशांना ३४३ मीटर. सेकंदाला ३३५ मीटर वेगाची गोळी उन्हाळ्यात 'फट्' करणार नाही, पण गोठवणाऱ्या थंडीच्या रात्री करील! म्हणूनच कमी आवाजाची म्हणून विकली जाणारी बरीचशी काडतुसे ३२० मीटरच्या आसपास ठेवलेली असतात.

आता अडचण कोठे?

मग वेग आणखी उतरवावा, दारू अगदी थोडी घालावी, म्हणजे झाले! एकेक काडतूस हाताने भरायच्या रायफलीत हे खरोखरच चालते. अर्धस्वयंचलित रायफलीत मात्र घोडे अडते. कारण तिचे यंत्र त्याच दारूच्या बळावर चालते.

या रायफलींत बोल्ट कुलूपबंद नसतो. तो नुसत्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने टरफलाच्या मागे टेकलेला असतो. वायू गोळीला पुढे ढकलतो तसाच टरफलाला मागे ढकलतो आणि टरफल बोल्टला. समजा, बोल्टचे वस्तुमान २०० ग्रॅम आहे आणि गोळीचे २.६ ग्रॅम. बोल्ट सुमारे ७७ पट जड आहे. गोळी ४० सेंटिमीटरची नळी पार करते तोवर बोल्ट जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकतो. नळीचे बूड अकाली उघडत नाही ते याच जडत्वामुळे. पण बोल्टला संवेग मिळालेला असतो आणि तो स्थूलमानाने गोळीच्या संवेगाइतकाच असतो. पुढे बोल्टला स्प्रिंग दाबायची असते, हातोडा मागे सारायचा असतो, टरफल उपसून फेकायचे असते. हे सारे काम त्याच्या गतिज ऊर्जेतून होते.

आता हिशेब करून पाहू. बाजारात मिळणाऱ्या पाच प्रकारच्या काडतुसांचे साधारण आकडे पुढे दिले आहेत. वायूचा स्वतःचा संवेग आणि घर्षण सोडून दिले आहे.

| काडतूस | गोळी (ग्रॅम) | वेग (मीटर/सेकंद) | संवेग (किग्रॅ मीटर/सेकंद) | बोल्टची ऊर्जा (ज्यूल) |
|---|---|---|---|---|
| १. अतिवेगी | २.६ | ३७६ | ०.९८ | २.४ |
| २. प्रमाणवेगी | २.६ | ३२६ | ०.८५ | १.८ |
| ३. अतिमंद | २.६ | २१६ | ०.५६ | ०.८ |
| ४. मंद, थोडे जड | २.९ | २५५ | ०.७४ | १.४ |
| ५. मंद, फार जड | ३.९ | २९० | १.१३ | ३.२ |

पहिल्या आणि तिसऱ्या ओळीची तुलना करा. गोळी तीच, वेग सुमारे ४३ टक्क्यांनी उतरला. पण बोल्टची ऊर्जा एक तृतीयांशच उरली. कारण ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. तिसऱ्या प्रकारचे काडतूस अर्धस्वयंचलित रायफलीत घातले तर गोळी शांतपणे सुटते, पण बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि टरफल आतच अडकते. अमेरिकेतील सीसीआय कंपनीचे 'क्वायट-२२' हे काडतूस या प्रकारचे. अशा रायफलीत ते वापरले तर दर वेळी बोल्ट हाताने ओढावा लागतो.

यातून वाट कशी काढायची? संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. वेग वाढवता येत नसेल तर वस्तुमान वाढवावे! चौथी ओळ हेच सांगते. त्याच कंपनीने खास अर्धस्वयंचलित रायफलींसाठी काढलेल्या काडतुसात गोळी २.९ ग्रॅमची आहे आणि वेग थोडा वाढवला आहे. बोल्टला जेमतेम पुरेल एवढे बळ मिळते आणि आवाज बराच कमी राहतो.

पाचवी ओळ पाहून मोह होतो. वेग ध्वनीपेक्षा कमी आणि बोल्टला बळ मात्र अतिवेगी काडतुसापेक्षाही जास्त! पण येथे आणखी एक नियम आडवा येतो. नळीच्या आतल्या सर्पिल खाचा गोळीला भोवऱ्यासारखी फिरवतात, म्हणून ती तोंड पुढे ठेवून सरळ जाते. जाडी तीच ठेवून वस्तुमान वाढवायचे तर गोळी लांब करावी लागते आणि लांब गोळीला स्थिर राहण्यासाठी अधिक फिरकी लागते. या रायफलींच्या नळीत साधारण १६ इंचांत एक वेढा असतो, ३.९ ग्रॅमच्या गोळीला तो पुरत नाही. ती हेलकावे खात, कधी आडवी होऊन लक्ष्यावर आदळते. तिला सुमारे ९ इंचांत एक वेढा देणारी वेगळी नळी लागते.

तेव्हा निवडीचा क्रम असा लागतो. फक्त 'फट्' घालवायचा असेल तर ३२० मीटरच्या आसपासचे काडतूस बहुतेक रायफलींना चालते. त्याहून शांतता हवी तर चौथ्या प्रकाराकडे जावे. मात्र प्रत्येक रायफलीची स्प्रिंग आणि घर्षण निराळे, त्यामुळे ते त्या रायफलीत चालते का, हे प्रत्यक्ष पाहूनच ठरते. दारूच नसलेली, नुसत्या पेटणाऱ्या रसायनावर उडणारी काडतुसेही मिळतात. ती लांब नळीत वापरणे धोक्याचे, कारण गोळी मध्येच अडकून बसू शकते आणि तिच्यामागे दुसरी सुटली तर नळी फुटते.

शांत म्हणजे निर्धोक नव्हे

साध्या पॉइंट टू-टू रायफलीच्या आवाजाचा कमाल दाब १४० डेसिबलच्या आसपास जातो. क्षणिक आवाजासाठी कानाची धोक्याची पातळी हीच मानतात. डेसिबलचे माप लॉगरिदमी असल्याने १० डेसिबल कमी म्हणजे तीव्रता एक दशांश. पण आपल्याला आवाज साधारण निम्माच झाल्यासारखा वाटतो. कान हे भरवशाचे मापकयंत्र नव्हे. अंतःकर्णातल्या केसपेशी एकदा मेल्या की पक्ष्यांत पुन्हा उगवतात, माणसात उगवत नाहीत. म्हणून मंद काडतूस असले तरी कानांवर संरक्षण हवेच.

दुसरा धोका समोरच्याला. अतिमंद गोळीची गतिज ऊर्जा काढून पाहा : सुमारे ६१ ज्यूल. ब्रिटनमध्ये विनापरवाना एअर रायफलीला जी कमाल मर्यादा आहे, तिच्या हे साडेतीनपटींहून अधिक. ही गोळी सहज जीव घेऊ शकते. शिवाय ती ५० मीटर जाईतो सुमारे २६ सेंटिमीटर खाली येते; अतिवेगी गोळी ९ सेंटिमीटर. (हवेचा विरोध येथे धरलेला नाही.) अंतराचा अंदाज चुकला तर ससा मरत नाही, जखमी होऊन बिळात तडफडतो. आवाज कमी केला की पल्लाही कमी करावा लागतो, हे जाणते शिकारी पाळतात.

वर्गासाठी एक उदाहरण देऊन थांबू. समजा, एका रायफलीच्या २०० ग्रॅमच्या बोल्टला पूर्ण मागे जाण्यासाठी १.२ ज्यूल ऊर्जा लागते. २.६ ग्रॅमच्या गोळीचा वेग किमान किती हवा? आणि २.९ ग्रॅमच्या गोळीचा? उत्तरे सेकंदाला सुमारे २६६ आणि २३९ मीटर अशी येतील. अवघ्या ०.३ ग्रॅम शिशाने वेगात २७ मीटरची सवलत मिळाली! आता विद्यार्थ्यांना विचारा : बोल्टच हलका केला तर? ऊर्जा वाढेल, हे उत्तर लगेच येईल. पण गोळी नळीबाहेर पडायच्या आत तो किती मागे सरकेल, हेही त्यांना काढायला लावा. बोल्ट जड का ठेवला आहे, ते मग सांगावे लागणार नाही.