वात पेटण्याआधीच काय ते ठरवा

भोर आणि वेल्ह्यात दिवाळी आणि भाताची कापणी साधारण एकाच सुमारास येतात. त्या दिवसांत खळ्याभोवती पेंढा रचलेला असतो, गोठ्याच्या माळ्यावर वैरण भरलेली असते आणि डोंगरउतारावरचं गवत पिवळं पडू लागलेलं असतं. अशा ठिकाणी ‘फटाके जपून वाजवा’ एवढं सांगून भागत नाही. वात पेटल्यावर जपण्यासारखं हाती फारसं काही उरतच नाही. बरं-वाईट काय ते आधी, जागा आणि अंतर निवडतानाच ठरून जातं.

याचं कारण फटाक्याच्या दारूत आहे. गवत हवेतला ऑक्सिजन घेऊन जळतं, म्हणून ते झोडपून विझवता येतं. दारूत मात्र इंधनासोबत ऑक्सिजन पुरवणारा पदार्थही मिसळलेला असतो. काळ्या दारूत हे काम सोरा करतो. त्यामुळे पायाने चेपून किंवा माती टाकून फटाका विझत नाही. फुसका वाटलेल्या सुतळी बॉम्बची वातही आत धुमसत असू शकते. तो वाकून बघू नये, पुन्हा पेटवू नये. बराच वेळ थांबून लांबूनच त्यावर पाणी ओतावं. मुलांच्या हाती बिनधास्त दिली जाणारी फुलबाजीही हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जळते. वाळलेला पेंढा पेटायला याहून कितीतरी कमी उष्णता पुरते. म्हणून विझलेली तार अंगणात न फेकता पाण्याच्या बादलीत बुडवायची. भाजलंच, तर हळद किंवा टूथपेस्ट न लावता तो भाग वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचा.

‘इतकी वर्षं वाजवतोय, कधी काही झालं नाही’ असं म्हणणारे खोटं बोलत नाहीत. पण बाण दरवर्षी मोकळ्या जागी पडला, यात वाऱ्याचा वाटा किती आणि आपल्या काळजीचा किती, हे त्या अनुभवातून कळत नाही. हिरव्या फटाक्यांचा आधारही इथे अपुरा आहे. ‘नीरी’ या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या फटाक्यांतून धूलिकण सुमारे 30 टक्के कमी निघतात, ठिणगी मात्र थंड होत नाही. आवाजाची 125 डेसिबलची मर्यादासुद्धा चार मीटरवर मोजलेली आहे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. भिंतींनी वेढलेल्या अंगणात तेवढा उतरत नाही.

जागा आणि अंतर आधी ठरवणं जत्रेतल्या आतषबाजीला तर अधिकच लागू पडतं. केरळात कोल्लमजवळच्या पुट्टिंगल देवळात 10 एप्रिल 2016 रोजी पेटती दारू साठ्यावर पडली आणि शंभरहून अधिक माणसं गेली. आतषबाजीच्या जागेपासून साठा आणि गर्दी दोन्ही पुरेशी लांब असती, तर तीच चूक एवढी महाग पडली नसती. यात्रेच्या मौजेला कोणाचा विरोध नाही. गावाने पेंढ्या-गवतापासून दूर एक नांगरलेलं रान ठरवावं, वाऱ्याची दिशा पाहून लोकांना उलट बाजूला बसवावं, पाण्याचा टँकर आधीच उभा करावा आणि वारा सुटला तर कार्यक्रम रद्द करण्याचा अधिकार एकाच जाणत्या माणसाकडे द्यावा. खर्च फारसा नाही. फक्त हे सारं यात्रेच्या बैठकीतच ठरायला हवं.