लिनक्स विंडो मॅनेजरमधील बहुपडदा रचना : अध्यापनातील गोपनीयतेच्या संदर्भात

प्रस्तावना :
नागपूरच्या हुडकेश्वर परिसरातील असो वा तालुक्याच्या गावचे, महाविद्यालयात लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडून शिकविणे आता नित्याचे झाले आहे. त्याच लॅपटॉपवर अंतर्गत गुणांची यादी व प्रश्नपत्रिकेचा मसुदाही असतो. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र उमटत असेल, तर अनवधानाने उघडलेली फाइल संपूर्ण वर्गास दिसते. ही अडचण टाळण्याच्या पद्धतीचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पडद्यांची मांडणी :
एक्स विंडो प्रणालीचा उगम १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे झाला. २००७ मधील रँडआर १.२ या विस्तारामुळे प्रणाली पुन्हा सुरू न करता पडदा जोडणे वा काढणे शक्य झाले. 'एक्सरँडआर' ही आज्ञा प्रथम जोडलेल्या पडद्यांची नावे दाखविते. तिच्यातील 'सेम-अ‍ॅज' हा पर्याय चित्राची नक्कल करतो, तर 'राइट-ऑफ' हा पर्याय प्रोजेक्टरला लॅपटॉपच्या उजवीकडे स्वतंत्र जागा देतो. लॅपटॉपची रुंदी १३६६ व प्रोजेक्टरची १०२४ बिंदू असल्यास एकूण रुंदी २३९० बिंदू होते आणि प्रोजेक्टरचे क्षेत्र १३६६ व्या बिंदूपासून सुरू होते.

विंडो मॅनेजरची भूमिका :
मायकेल स्टॅपेलबर्ग यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या 'आयथ्री' या विंडो मॅनेजरमध्ये प्रत्येक पडद्यावर एका वेळी एक कार्यक्षेत्र दिसते. संरचना फाइलमध्ये एका ओळीत कार्यक्षेत्र क्रमांक व पडद्याचे नाव लिहिल्यास त्यांची सांगड बसते. तथापि एवढ्याने गोपनीयता साधत नाही; कारण नवी खिडकी सामान्यतः त्या क्षणी सक्रिय असलेल्या कार्यक्षेत्रातच उघडते. म्हणून गुणयादीचा प्रोग्राम 'असाइन' या सूचनेने लॅपटॉपवरील कार्यक्षेत्राशी बांधणे आवश्यक ठरते. 'एक्सरँडआर'ची मांडणी सत्रापुरतीच टिकते. त्यामुळे ती आज्ञा संरचना फाइलमध्ये एखाद्या कळीस जोडावी. प्रोजेक्टर बंद केला, की त्यावरील कार्यक्षेत्रे लॅपटॉपवर परततात. काम नष्ट होत नाही.

मर्यादा :
वेलँडवर आधारित 'स्वे'मध्ये 'एक्सरँडआर'ने मांडणी करता येत नाही. तेथे 'आउटपुट' ही सूचना वापरावी लागते.

निष्कर्ष :
पडदे वेगळे करणे ही पहिली पायरी होय. कोणता प्रोग्राम कोणत्या पडद्यावर उघडावा, हे आधीच निश्चित केल्यासच विद्यार्थ्यांच्या गुणांची गोपनीयता राखली जाते. याकरिता नव्या यंत्रसामग्रीची गरज नाही. संरचना फाइलमधील मोजक्या ओळी पुरेशा आहेत.