रोमेलचे कान

एका वाचकाने विचारलं आहे : ‘माझे व्हॉट्सॲपचे मेसेज मी आणि समोरचा सोडून कुणालाच वाचता येत नाहीत, असं कंपनी म्हणते. मग घाबरायचं कशाला?’ मेसेज वाचता येत नाहीत, हे खरं आहे. पण मेसेज वाचल्याशिवाय किती कळतं, याचा अंदाज घ्यायचा तर संगणकाच्याही आधीच्या काळात, १९४२ सालच्या उत्तर आफ्रिकेत जावं लागेल.

जर्मन सेनापती रोमेलच्या सैन्यात एक छोटी तुकडी होती. ५६व्या सिग्नल बटालियनची तिसरी कंपनी म्हणून ती ओळखली जाई, पुढे तिला ६२१ हा क्रमांक मिळाला. प्रमुख होता कॅप्टन आल्फ्रेड झेबोम. या माणसांचं काम लढण्याचं नव्हतं. ट्रकमध्ये हेडफोन लावून ब्रिटिशांचा वायरलेस ऐकायचा, वहीत उतरवायचा आणि त्यातून अर्थ काढायचा, एवढंच. ब्रिटिश अधिकारीही त्यांना भरभरून मदत करत होते. वायरलेसवर ते एकमेकांना नावाने हाक मारत आणि ‘गुप्त’ बोलायचं म्हणून घरगुती टोपणनावं वापरत. चार दिवस ऐकणाऱ्याला ती सहज उलगडत.

पण झेबोमची कमाई केवळ बोलण्यातून आलेली नव्हती. मजकूर सांकेतिक असो, उलगडो न उलगडो, कोण कोणाला हाक मारतो, किती वेळा, कुठल्या फ्रीक्वेन्सीवर आणि कुठून, हे हवेत उघडंच असतं. चाळीत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पहिल्या मजल्यावर गॅलरीत तांदूळ निवडत बसणाऱ्या आजींना ऐकू कमी येतं, असं धरा. तरी समोरच्या बिऱ्हाडाबाहेर लागोपाठ तीन संध्याकाळी त्याच अनोळखी चपला दिसल्या, चौथ्या दिवशी घरातला कर्ता पुरुष सोनाराच्या गल्लीकडे वळला, आणि सदा उघडं असणारं दार भरदुपारी लावून घेतलं गेलं, की आजी सुनेला सांगणार, ‘ठरलं बघ!’ एक शब्द कानावर पडलेला नसतो. आजींचं भांडवल निराळंच असतं : रोज काय घडतं ते त्यांना पाठ असतं, म्हणून आज काय वेगळं घडलं ते दिसतं. चाळीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला त्याच चपला दिसतील, पण त्या नुसत्या चपला असतील.

झेबोमच्या कंपनीने हे ‘रोजचं’ १९४१पासून जमवलं होतं. एका स्टेशनला पाचजण उत्तर देतात, म्हणजे ते मुख्यालय. त्या पाचांतलं एक अचानक दुसऱ्याच स्टेशनला उत्तर देऊ लागलं, म्हणजे ती पलटण दुसऱ्या ब्रिगेडकडे गेली. बडबड वाढली की हालचाल आहे. आणि बडबड एकदम थांबली, तर जास्तच सावध व्हायचं. कॉल साइन, म्हणजे स्टेशनची सांकेतिक ओळख, बदलून फारसं साधत नाही. मोर्सची किल्ली दाबणाऱ्या प्रत्येकाची लय वेगळी असते. कुणाचा डॅश लांबतो, कुणी अक्षरांमध्ये थबकतो. कॉल साइन बदलली तरी हात तोच राहतो, आणि मुरलेला ऑपरेटर तो ओळखतो.

‘कुठून’ हे कसं कळतं, ते मला या सगळ्यात सर्वांत देखणं वाटतं. दिशा शोधण्याचं मूळ साधन म्हणजे लूप अँटेना, उभ्या अक्षाभोवती फिरवता येणारी तारेची चौकट. चौकटीची कड स्टेशनकडे असली, की रेडिओलहर आधी एका उभ्या बाजूला भेटते, मग दुसरीला. दोन्ही बाजूंत निर्माण होणाऱ्या विद्युतदाबात त्यामुळे किंचित फरक पडतो, आणि तोच हेडफोनमध्ये आवाज होऊन येतो. चौकट नव्वद अंशांत फिरवली, की लहर दोन्ही बाजूंना एकाच क्षणी भेटते. फरक शून्य, आवाज गायब. ऑपरेटर शोधतो तो हा गायब होण्याचा बिंदू. कारण आवाज कमाल असतो तिथे चौकट दहा अंश हलली तरी त्यात जेमतेम दीड टक्क्याची घट होते, कानाला पत्ताही लागत नाही. शून्यापाशी मात्र अंशा-दोन अंशांत आवाज उमटतो. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन ठिकाणांहून अशा दोन दिशा घ्यायच्या, नकाशावर रेघा मारायच्या. छेदतात तिथे शत्रूचं स्टेशन. रात्री आयनांबरावरून परावर्तित होऊन वरून उतरणाऱ्या लहरी चौकटीच्या आडव्या बाजूंतही विद्युतदाब निर्माण करतात आणि शून्य पुसट होतं. त्यावर फ्रँक ॲडकॉक या ब्रिटिश इंजिनिअरने १९१९मध्ये तोड काढली : आडव्या बाजूंना भूमिकाच ठेवायची नाही, फक्त उभे अँटेना वापरायचे.

वाळवंटाचं भौतिकशास्त्र मात्र झेबोमला अनुकूल नव्हतं. रणगाड्यांवरचे सेट कमी शक्तीचे. त्यांच्या जमिनीलगत जाणाऱ्या लहरी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावरून दूरवर पोहोचतात, पण कोरड्या वाळूतून वीज नीट वाहत नसल्याने तिथे त्या लवकर क्षीण होतात. रणगाड्यांचं बोलणं ऐकायचं तर त्यांच्या जवळ जाऊन बसायला हवं. उपयुक्त व्हायचं तर पुढे, आणि सुरक्षित राहायचं तर मागे, असा हा पेच.

२१ जून १९४२ला ब्रिटिशांच्या ताब्यातलं लिबियाचं तोब्रुक बंदर पडलं, सुमारे तेहतीस हजार सैनिक कैद झाले. मराठी वाचकाला यातली एक गोष्ट माहीत असायला हवी. आदल्या दिवशी पहाटे रोमेलचा घाव आग्नेयेच्या बाजूने पडला तो अकराव्या इंडियन ब्रिगेडवर, आणि त्यातही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनवर. या घावाचं श्रेय झेबोमला देण्याचा मोह आवरायला हवा. त्या बाजूने हल्ला करायचा बेत रोमेलने १९४१च्या नोव्हेंबरसाठीच आखला होता. शिवाय त्याच्याकडे दुसराही झरा होता. अमेरिकी दूतावासाचा सांकेतिक कोश इटलीच्या हेरांनी १९४१मध्ये रोममधून उचलून त्याची नक्कल करून घेतली होती, त्यामुळे कैरोतले अमेरिकी लष्करी प्रतिनिधी बॉनर फेलर्स वॉशिंग्टनला जे कळवत ते बर्लिनलाही समजत असे. जूनच्या अखेरीस हा झरा आटला.

आणि दहाच दिवसांत झेबोमचाही. १० जुलैच्या पहाटे नवव्या ऑस्ट्रेलियन डिव्हिजनने किनाऱ्यालगत तेल एल ईसावर हल्ला चढवला. समोरची इटालियन साब्राथा डिव्हिजन कोसळली आणि तिच्यामागे हेडफोन लावून बसलेली कंपनी ऑस्ट्रेलियनांच्या हाती सापडली. झेबोम जखमी झाला आणि पुढे कैदेत वारला. ट्रक, सेट, कॉल साइनच्या याद्या, महिनोन् महिन्यांच्या नोंदी, सगळं ब्रिटिशांना मिळालं. शत्रूच्या वहीत आपलीच कुंडली बघून त्यांना घाम फुटला असणार! वायरलेसची शिस्त कडक झाली. ऑक्टोबरमध्ये अल अलामेनची मोठी लढाई झाली, तेव्हा तर खोट्या वायरलेस वर्दळीने जर्मनांना भलतीकडे बघायला लावलं गेलं. जर्मनांनी बदली तुकडी उभी केली, पण ती चाळीत नव्याने आलेली होती.

आता थोडी तक्रार. दुसऱ्या महायुद्धातलं संदेशशास्त्र म्हटलं की सिनेमात एनिग्मा हे जर्मनांचं सांकेतिक यंत्र येतं, त्याची उकल करणारा ट्युरिंग येतो, खडखडणारं यंत्र येतं. ट्युरिंगच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण गॉर्डन वेल्चमन हे नाव किती जणांनी ऐकलंय? केंब्रिजचा हा गणिती १९३९मध्ये ब्लेच्ली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत-उकल केंद्रात आला, आणि त्याला काम मिळालं ते अगदी नीरस : जर्मन संदेशांच्या कॉल साइन आणि मथळे तपासायचे. एकही संदेश न उलगडता त्याला त्यात जर्मन सैन्याचा सांगाडा दिसू लागला. मग संदेश पकडणं, त्यांची वर्गवारी करणं आणि ते उलगडणं, ही सगळी व्यवस्था एका छताखाली हवी, हा त्याचा आग्रह होता, आणि त्यातून ‘हट सिक्स’ हा विभाग उभा राहिला. ट्युरिंगच्या यंत्राला ‘डायगोनल बोर्ड’ ही जोड देऊन ते कितीतरी वेगवान केलं तेही यानेच. १९८२मध्ये त्याने आठवणींचं पुस्तक काढलं. गुप्तचर खात्यांचा राग केवळ मशिनची माहिती बाहेर आल्याचा नसावा. वर्दळीच्या अभ्यासाबद्दल तो फार बोलला, हे मुख्य दुखणं होतं, असं मला वाटतं. त्याची सुरक्षा परवानगी काढून घेतली गेली. १९८५मध्ये तो वारला. २०१४च्या ‘द इमिटेशन गेम’मध्ये तो औषधालाही नाही.

तर वाचकाचा प्रश्न. ‘पोलिसांनी सीडीआर काढला’, म्हणजे फोनकॉलच्या नोंदींची यादी मिळवली, हे आपण रोज बातम्यांत वाचतो. त्या यादीत बोलणं नसतंच; नंबर, वेळ, कालावधी आणि टॉवर असतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ८२३ स्वयंसेवकांच्या फोनच्या अशाच नोंदी तपासल्या आणि २०१६मध्ये निष्कर्ष छापले. एकही संभाषण न ऐकता कुणाला हृदयाचा विकार आहे, कुणाकडे रायफल आहे, इतपत मजल त्यांनी मारली.

यावर उपाय नाही असं नाही. लष्करं करतात तसं काही सांगायचं नसलं तरी अखंड एकाच गतीने निरर्थक संदेश पाठवत राहायचं, म्हणजे वर्दळ वाढली की घटली हे कळतच नाही. फोनवर हे केलं तर बॅटरी दुपारपर्यंत संपेल. दुसरा उपाय डेव्हिड चॉम या संगणकतज्ज्ञाने १९८१मध्ये सुचवला : खूप जणांचे संदेश मध्ये थांबवून, पिसून, मग वेगळ्याच क्रमाने पुढे सोडायचे. चांगली घुसळण व्हायची तर पुरेसे संदेश साचेपर्यंत थांबावं लागतं. आपल्याकडे ‘गुड मॉर्निंग’चा फुलांचा फोटो साडेसहाला गेला पाहिजे, आणि निळ्या टिका यायला पाच मिनिटं उशीर झाला तर काका थेट फोन करून विचारतात. चॉमची सूचना त्यांना कोण सांगणार?